टॉवेलमागची भिंत

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात मी ऑफिस सांभाळते. चलनं, गेटपास, गिऱ्हाइकांचे फोन, हे माझं काम. फोटो काढणं त्यात नव्हतं. ते माझ्याकडे आलं, कारण कॅमेरा माझ्याकडे होता.

आमच्या गल्लीतला फोटो स्टुडिओ बंद झाला तेव्हा तिथला जुना डिजिटल कॅमेरा मी घेतला होता. दहा मेगापिक्सेलचा, विटेसारखा जड. पकडीचं रबर निघालेलं होतं, ते मी पंक्चरच्या सोल्युशननं चिकटवलं. आतलं घड्याळ मेलेलं होतं, त्यामुळे बॅटरी काढून घातली की तारीख कुठल्यातरी जुन्या वर्षाच्या एक जानेवारीला जाऊन बसायची. पण रंग खरे यायचे. मालकांच्या नव्याकोऱ्या फोनमध्ये आमचा मरून टॉवेल लालभडक दिसायचा. त्यावरून एका गिऱ्हाइकानं माल परत पाठवला, तेव्हापासून मालकांनी सांगून टाकलं, फोटो तुझ्या त्या ठोकळ्यावरच काढायचे.

जागा ठरलेली होती. शेडच्या मागच्या भिंतीत दोन खिळे, त्यांना बांधलेली दोरी आणि दोरीवर टॉवेल. छपरातल्या काचांमधून सकाळी आठ ते नऊ तिथं सपाट उजेड पडायचा. स्टँडचे तीन पाय दर वेळी तिथंच यावेत म्हणून मी फरशीवर ऑइल पेंटचे तीन ठिपके काढले होते. लेन्स एकच, तिला झूम नाही. प्रत्येक टॉवेलला एक चिठ्ठी टाचलेली असायची, तिच्यावर डिझाइनचा नंबर आणि तारीख मी जाड पेननं लिहायची. दिवाळीपासून दर महिन्याला मी त्याच तीन ठिपक्यांवर उभी राहत आले होते.

मार्चमधल्या एका मंगळवारी मी ऑफिसात बसून फोटोंच्या कडा कापत होते. एका हिरव्या टॉवेलच्या कडेशी, मागच्या भिंतीवर, केसासारखी रेघ दिसली. कॅमेऱ्यात केस गेला असेल असं वाटून मी आधीचा फोटो उघडला. त्यात ती रेघ होती, पण वीतभर आखूड. त्याच्या आधीच्या महिन्यात आणखी आखूड. दिवाळीच्या फोटोत नव्हतीच.

मग मी एक केलं. सगळ्या महिन्यांचे फोटो ओळीनं लावले आणि एकच बटण दाबत एकामागून एक पाहिले. टॉवेल बदलत होते आणि मागची भिंत हलत होती. दिवाळीत दोन्ही खिळे एका पातळीत होते. आता उजवा खिळा बोटभर खाली आला होता. मी पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. त्या भिंतीला लागून बारा माग आहेत आणि छपराच्या लोखंडी कैच्या तिच्यावरच टेकलेल्या आहेत.

सगळ्यात आधी मी चाचांना बोलावलं. चाचा आमचे जॉबर, म्हणजे माग बिघडले की दुरुस्त करणारे. साठीला आलेले, याच कारखान्यात केस पांढरे झालेले. त्यांनी चष्मा पुसला, दोनदा फोटो पाहिले आणि शेडमध्ये गेले. मी मागोमाग. मागांच्या खडखडाटात ते भिंतीशी वाकले आणि तळहात रेघेवर ठेवून थोडा वेळ तसेच उभे राहिले. परत आल्यावर म्हणाले, "हाताला वारं लागायलंय, बेटा. आणि तुला एक सांगतो. महिना झाला, कडेच्या मागांना मी दर आठवड्याला पाचर मारायलोय. पाय बसायलेत त्यांचे. मला वाटायचं, मागच म्हातारे झालेत."

भिंतीच्या पलीकडे दुसऱ्याचा प्लॉट आहे. संक्रांतीनंतर तिथं पाण्याच्या टाकीसाठी खड्डा खणायला सुरुवात झाली होती. आधी जेसीबी आला, मग मजूर. खड्डा आमच्या भिंतीपासून चार हातांवर होता.

आम्ही दोघं मालकांकडे गेलो. मालक माझ्या वडिलांच्या वयाचे, आमच्याच समाजातले. तेलुगू घरांत लहान पोरीलाही अम्मा म्हणतात, तसं ते मला म्हणतात. शनिवारी माल निघायचा होता आणि त्यांना बोलायला सवड नव्हती. त्यांनी फोटो पाहिले, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "अम्मा, सगळ्या फोटोंवर एक जानेवारीच दिसतंय. कुठला आधीचा, कुठला नंतरचा, कशावरून?"

मी टॉवेलांवरच्या चिठ्ठ्या दाखवल्या. त्यांनी त्या एकेक वाचल्या. मग उठून शेडमध्ये आले, फोन काढला आणि भिंतीचा फोटो घेतला. फोनच्या फोटोत भिंत गुळगुळीत, पांढरीशुभ्र. फोनला रेघ डाग वाटली असावी, त्यानं ती पुसून टाकली होती. मालकांनी तो फोटो माझ्यासमोर धरला. म्हणाले, प्लॅस्टर तडकलंय, सोलापूरच्या उन्हात कुठली भिंत तडकत नाही? चाचांनी मागांचे पाय बसल्याचं सांगितलं. मालक म्हणाले, शनिवारनंतर बघू. तोवर कामगारांत बोभाटा नको, म्हणून उद्या चुना मारून घ्या.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. घरी कुणाला काही बोलले नाही. बोलले असते तर उद्या जाऊ नकोस म्हणाले असते, आणि कामगार तर जाणारच होते.

बुधवारी चुना मारणारा आला आणि दुपारपर्यंत भिंत नवी दिसायला लागली. दोन्ही खिळेही चुन्यात बुडाले. मला आधी वाटलं, पुरावा गेला. संध्याकाळी घरी कांदा चिरताना लक्षात आलं की आता ही भिंत कोऱ्या कागदासारखी आहे. तिच्यावर उद्या काही उमटलं, तर ते कालचं आहे असं कुणालाच म्हणता येणार नाही.

गुरुवारी मी साडेसातलाच पोचले. स्टँड ठिपक्यांवर लावला. पहिली पाळी सुरू झालेली, फरशी थरथरत होती. कॅमेरा सुरू केला तर बॅटरीची खूण लाल. रात्रभर चार्जिंगला लावली होती, पण तिचंही वय झालेलं. एक फोटो निघाला, तो हलला. दुसऱ्याला कॅमेरा बंद पडला. मी बॅटरी काढली, पदराला घासली, मुठीत धरून शंभरपर्यंत आकडे मोजले. शेजारच्या मागावरचा विणकर माझ्याकडे बघून हसला. बॅटरी घातली, तारीख विचारली तिकडे दुर्लक्ष केलं, मागांचा दणका जरा विरळ होईपर्यंत श्वास धरला आणि बटण दाबलं. फोटो झाला. पुन्हा दाबलं, तेव्हा कॅमेरा मेलेला होता.

कार्ड घाईघाईत कॉम्प्युटरला लावताना दोनदा तिरकं गेलं. फोटो उघडला आणि मोठा केला. कालच्या ओल्या चुन्यावर, वरपासून कमरेइतक्या उंचीपर्यंत, कोळ्याच्या धाग्यासारखी रेघ होती.

मी मालकांना हाक मारली. ते माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. मग त्यांनी एवढंच विचारलं, "हा आजचाच?"

"आत्ताच काढलेला. चुना कालचा आहे, मालक."

ते दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. मग चाचांना हाक मारून म्हणाले, मेन पाडा.

चाचांनी मेन स्विच खाली ओढला आणि सगळे माग एकदम थांबले. त्या कारखान्यात दिवसा अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. कामगार आधी जागेवरच उभे राहिले, मग गेटपाशी जमले. त्यांची मजुरी विणलेल्या मालावर. माग बंद म्हणजे दिवस बुडाला. कुणीतरी विचारलं, काय झालंय, आणि चुना मारणाऱ्यानं, जो कालची मजुरी घ्यायला आला होता, माझ्याकडे बोट दाखवलं. मघाशी हसलेला विणकर म्हणाला, "फोटो काढून कारखाना बंद पाडलाव व्हय अक्का?"

मालक इंजिनिअरला फोन लावत होते. मी पुन्हा जुन्या फोटोंकडे पाहत बसले आणि तेव्हा कुठं माझ्या डोक्यात आलं ते आधी यायला हवं होतं. उजवा खिळा नुसता खाली आला नव्हता. त्याची भिंतीवर पडणारी सावली महिन्या-महिन्याला आखूड होत गेली होती. भिंत आमच्यापासून दूर कलत होती. ती पडली तर आमच्या बाजूला नाही, पलीकडे पडणार होती, खड्ड्यात.

मी पळतच गेटबाहेर गेले आणि वळसा घालून शेजारच्या प्लॉटमध्ये शिरले. खड्ड्यात सहा-सात माणसं होती. बायका घमेली भरून वर देत होत्या. आमच्या भिंतीच्या सावलीत, अगदी पायाशी, लुगड्याची झोळी बांधून एकीनं तान्हं पोर झोपवलं होतं. सावली तेवढीच होती तिथं.

मुकादमाला मी सांगितलं, भिंत कललीय, माणसं वर घ्या. तो म्हणाला, तुमच्या मालकाला आमचं काम खुपायलंय, हे ठाऊक हाय आमाला. माझ्याजवळ दाखवायला काही नव्हतं, कॅमेरा बंद होता. मजूर सीमेपलीकडचे, कन्नड बोलणारे. मला कन्नड येतं ते बाजारापुरतं. पण भिंतीला काय म्हणतात ते माहीत होतं, पडण्याला काय म्हणतात तेही. मी खड्ड्याच्या कडेला गुडघ्यावर बसले आणि त्या पोराच्या आईकडे बघून म्हणाले, "गोडी बीळ्तद." भिंत पडतेय.

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. घमेलं तिथंच टाकून ती वर चढली, झोळी सोडली आणि पोर छातीशी धरून रस्त्यापर्यंत गेली. मागे वळून तिनं दुसऱ्या बायकांना काहीतरी ओरडून सांगितलं. त्या वर आल्या, मग पुरुष आले. मुकादम शिव्या देत राहिला. मी अजून गुडघ्यावरच होते. चाचा मागून आले होते, त्यांनी दंडाला धरून उभं केलं. मी परत आमच्या शेडकडे निघाले, कॅमेऱ्याचा स्टँड आतच राहिला होता. चाचांनी हात सोडला नाही. "नक्को बेटा, अंदर नक्को जाओ."

इंजिनिअर बारा वाजता आला. त्यानं वरून ओळंबा सोडला, पट्टी लावली, पुन्हा लावली. मग त्यानं दोन्हीकडची माणसं लांब ठेवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लोखंडी टेकू येतील, ते लागेपर्यंत कुणी आत जायचं नाही. मुकादमालाही त्यानं तेच सांगितलं.

तरी शुक्रवारी सकाळी मुकादम माणसं घेऊन आलाच. एका दिवसाचं काम बुडालं, भिंत तर उभीच होती. पण चाचा सात वाजल्यापासून खड्ड्यात उतरायच्या वाटेवर स्टूल टाकून बसले होते. मुकादमानं दम दिला, मग हात जोडले, मग पुन्हा दम दिला. चाचा बसून राहिले. मी रस्त्यापलीकडे चहाच्या गाड्याशी उभी होते. दहा वाजले तरी भिंत उभी. साडेदहा वाजले. लोक माझ्याकडे पाहत होते आणि मला स्वतःचाच संशय यायला लागला. लेन्समध्येच दोष असला तर? माझे ठिपके चुकले असले तर? खरं सांगते, त्या अर्ध्या तासात भिंत पडावी असं मला वाटून गेलं, आणि ते वाटल्याची लाजही वाटली.

टेकूंची गाडी आली, माणसं लोखंड उतरवू लागली. अकराच्या सुमारास आधी माती सांडल्यासारखा आवाज झाला. चाचा स्टुलावरून उठले आणि चालत, न पळता, रस्त्याकडे आले. त्यांच्या मागे भिंतीचा मधला भाग खाली बसला आणि संपूर्ण बाहेर, खड्ड्यात, पसरला. छपराची एक कैची वाकून चार मागांवर पडली. काचा फुटल्या. मग धूळच धूळ. धुळीत कुणाला काही दिसेना, पण मालक गेटवर उभे राहून माणसं मोजत होते, आणि मोजदाद दोनदा बरोबर आली.

मालक माझ्यापाशी आले. त्यांच्या भुवयांवर चुना साचला होता. ते काही बोलतील असं वाटलं. ते म्हणाले, "बॅटरी चार्ज आहे का? इन्शुरन्सला फोटो लागतील." मी होय म्हटलं. रात्री दोनदा चार्जिंग करून आणली होती. मी फोटो काढले, पण लांबून.

कारखाना दोन महिने बंद राहिला. काही विणकर दुसरीकडे लागले ते लागलेच. मला टोमणा मारणारा विणकर परत आला, पण माझ्याशी बोलत नाही. त्या दोन महिन्यांत त्याच्या घरी काय झालं मला माहीत नाही, मी विचारलेलं नाही. मजूर दुसऱ्या कुठल्यातरी कामावर गेले. पोराच्या आईला मी पुन्हा पाहिलं नाही.

शेडची मागची भिंत आता सिमेंटच्या खांबांवर आहे, तिच्यात खिडकी आहे, त्यामुळे तिथं फोटोला उजेड एका बाजूनं येतो. मी टॉवेल आता गेटजवळच्या कुंपणावर लावते, सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत. वारा आला की टॉवेल हलतो आणि एका फोटोला दहा मिनिटं जातात. चाचा कधी खालचं टोक धरून उभे राहतात. त्यांचा हात फोटोत येतो, तेवढा मी मग कापते.