समक्ष

ठकूमावशी माझ्या ओसरीवर बसायची ती नेहमी एका माणसाची जागा सोडून. आधी घोंगडी अंथरायची, तिचा अर्धा भाग तळहातानं झाडायची आणि उरलेल्या अर्ध्यावर स्वतः टेकायची. पहिल्यांदा मी चहाचा कप त्या रिकाम्या जागेवर ठेवायला गेलो, तेव्हा तिनं माझं मनगट धरलं.

"तितं नगं, भाऊसाब. सोपान बसलाय."

सोपान तिचा एकुलता मुलगा. कासारसाईच्या धरणाजवळ एका बंगल्यात तिघांचा खून झाला, त्यात त्याला फाशीची शिक्षा झाली होती. वरच्या कोर्टात अपील चालू होतं आणि तो कोठडीत होता.

मावशी जवळच्याच चांदे गावची. पन्नासेक मेंढरं राखायची. ती मोजायची नाही, कळपावर एक नजर टाकायची आणि म्हणायची, "दोन कमी हायेत." दोनच कमी असायची. गावाभोवती टॉवर उठले, कुरणं गेली, तेव्हा ती म्हणाली, "आता मेंढरांनी काय लिफ्टनं जायाचं व्हय चरायला?"

तिला परदेशातून पत्रं यायची. जगातून फाशीच उठावी म्हणून देशोदेशी माणसं झटतात. सरकारांना अर्ज करतात, चौकात मेणबत्त्या लावून उभी राहतात, कोठडीतल्यांच्या घरी पत्रं लिहितात. सोपानच्या वकीलबाईंनी मावशीचा पत्ता अशाच एका गटाला दिला होता. पत्र लिहायची ती नॉर्वेतली एक म्हातारी परिचारिका. शब्दकोश घेऊन मी ते इंग्रजी वाचायचो आणि मराठीत सांगायचो. एकदा तिनं लिहिलं, आम्ही बर्फात उभं राहून तुमच्या मुलाचं नाव मोठ्यानं घेतलं.

"तिला सोपान म्हनता येतं का?" मावशीनं विचारलं.

"येत असेल."

"म्हनू द्या. हितं आता कोन म्हनत न्हाई." मग पत्राकडे बोट करून, "त्यानं खून केला का न्हाई, इचारती का ती?"

"नाही. ती म्हणते, केला असला तरी सरकारनं जीव घेऊ नये."

"शानी हाय. पर माज्या पोरानं न्हाई केला, तेबी लिवा."

मी लिहिलं. मग पाकीट लगेच चिकटवून टाकलं.

चांद्यात इंग्रजी वाचणारी आता घरोघर आहेत, हिंजवडीला नोकरीला जाणारी. तरी मावशी बस पकडून पिरंगुटला माझ्याकडेच यायची. कारण मी एकदाच विचारलं.

"तुमी व्हता की तितं," ती म्हणाली. "तुमच्या समक्ष झालं समदं."

ते मला आता सांगायलाच हवं. मी शाळेत क्लार्क. पोलिसांना पंच हवे होते आणि सरकारी पगार घेणारा माणूस बरा पडतो म्हणून मला जीपमध्ये घालून धरणावर नेलं. काठाला गुडघाभर चिखल होता. हवालदार म्हणाला, "साहेब, कशाला पाय भरवताय? बसा आत." मी बसलो. अर्ध्या तासानं फडक्यात गुंडाळलेला कोयता आला. पंचनामा तयार होता: 'आरोपीने आमच्या समक्ष झुडपातून कोयता काढून दिला.' मी सही केली. पुढे कोर्टातही तेच सांगितलं. मावशी मागच्या बाकावर बसून ऐकत होती. निकालपत्रात त्या कोयत्यावर पाच पानं आहेत.

गेल्या थंडीत आलेलं पत्र वाचताना मी मधल्या तीन ओळी गाळल्या. वाचून कागद खाली ठेवला. मावशीनं तो उचलला, त्यावर एक नजर टाकली.

"वळी बारा हायेत," ती म्हणाली. "तुमी बोट फिरवलंत नवांवर. तीन कुटं ठिवल्या?"

मी त्या वाचल्या. 'साक्षीदारांपैकी कुणाला आज काही वेगळं सांगायचं असेल, तर वकिलांना अजून सांगता येईल. अजून वेळ गेलेली नाही.'

मावशीनं रिकाम्या घोंगडीकडे मान वळवली. "ऐकलंस का?" ती त्या जागेला म्हणाली, आणि कुणीतरी उत्तर देत असावं तशी बराच वेळ ऐकत राहिली. मग माझ्याकडे वळली. "हाय का असा कोन?"

"बघू," मी म्हणालो.

"बघा."

त्यानंतर ती तीनदा आली. चहा प्यायली, मेंढरांचं बोलली, लोकरीला गिऱ्हाईक नाही म्हणाली. तो प्रश्न तिनं पुन्हा विचारला नाही. मी नोकरीचा विचार करत होतो. खोट्या साक्षीला काय शिक्षा असते, ते पुस्तकात शोधत होतो. वैशाखात ती रानातच गेली. उन्हाची झाडाखाली टेकली होती, तशीच सापडली. मेंढरं भोवती उभी होती. पुतण्या सांगत होता, तिच्या बाजूची हातभर जागा सोडून उभी होती, हाकलली तरी तिथं पाय देईनात.

दहाव्या दिवशी मी वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी प्रतिज्ञापत्र टाइप करून दिलं. या वेळी मी सही करण्याआधी शब्दन् शब्द वाचला. शेवटी होतं, 'हे मी कोणाच्याही दबावाविना, स्वखुशीने लिहून देत आहे.'

"हे वाक्य काढा," मी म्हणालो.

"अहो, ते सगळ्याच प्रतिज्ञापत्रांत असतं."

"असेल. पण खोटं आहे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे दबाव आहे? कुणाचा?"

"ठकूबाईंचा. सोपानच्या आईचा."

"त्या तर वारल्या ना?"

"हो," मी म्हणालो. "त्यांचाच."