काकांनी चेहरा ताणून घेतला

माझ्या धाकट्या काकांइतका अस्वस्थ माणूस अख्ख्या विदर्भात दुसरा सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो एका जागी थांबणार नाही, म्हणून त्याची ओळख पटायची नाही. प्रताप नगरातल्या आपल्या घरी ते जेवतात तेसुद्धा फिरत फिरत. ताट ओट्यावर, एक घास स्वयंपाकघरात, दुसरा व्हरांड्यात, आणि कढीची वाटी घेऊन काकू मागे. फोन आला की बोलत बोलत चौकापर्यंत जातात आणि बोलणं संपल्यावर आपण इथे कशाला आलो, असं पानवाल्याला विचारतात. माझ्या मुलीच्या बारशाला आमच्या घरी बेसाला आले, पाळण्यात डोकावले, "छान आहे" म्हणाले आणि नाव ठेवायच्या आत निघून गेले. ते तिला आजही नुसतं 'बेसावाली' म्हणतात. कळमन्याच्या बाजारात ते संत्र्यांचे अडते. लिलाव पुकारताना ढिगाभोवती असे गरागरा फिरतात की त्यांच्याकडे बघता बघता खरेदीदारांच्या माना अवघडतात.

साठी उलटली तसा काकांचा चेहरा मात्र खाली उतरायला लागला. गाल लोंबले, गळ्याला दोन पदर सुटले. पाय तेच, आवाज तोच, पण लोक तोंडाकडे बघून म्हणायचे, "काका, थकल्यासारखे दिसून राहिले, बसा ना." बाजारात त्यांच्यासाठी खुर्ची येऊ लागली. शेवटी थोरला मुलगाच म्हणाला, "बाबा, पुढच्या मोसमापासून लिलाव मी पुकारतो." मी एका दंतवैद्याकडे कामाला आहे, म्हणून घरातले झाडून सगळे डॉक्टरी प्रश्न माझ्याकडे येतात. त्याच दुपारी काका दवाखान्यात आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "मी नाही थकलो वं. माहा चेहरा थकला. तेवढा कुठं दुरुस्त होते काय, पाह्य."

मी त्यांना आणि काकूंना एका प्लास्टिक सर्जन बाईंकडे घेऊन गेले. बाई शांत होत्या. कानावरच्या केसांतून काप घ्यायचा, कानासमोरून खाली आणून मागे वळवायचा, कातडी आणि तिच्याखालचा थर वर ओढून शिवायचा, असं त्यांनी स्वतःच्याच गालावर बोट फिरवून दाखवलं. तीन-चार तास लागतील. सूज आणि काळंनिळं दोन-तीन आठवडे राहील, गाल काही महिने बधिर वाटेल. क्वचित आत रक्त साठतं, एखाद्या नसेला धक्का बसतो, तेही त्यांनी लपवलं नाही. "आणि तुम्ही तिशीचे दिसणार नाही. झोप पुरी झालेल्या माणसासारखे दिसाल." काका खोलीत येरझारा घालत ऐकत होते. कातडी मागे सरकते, त्यामुळे पुरुषांना कधी कधी कानामागेही दाढी येते, असं बाई म्हणाल्या, तेव्हा ते थबकले.

"म्हणजे कानामागं वस्तरा फिरवा लागन?"

"थोडा."

"चालते."

मग बाई म्हणाल्या, ऑपरेशनच्या आधी महिनाभर आणि नंतरही महिनाभर खर्रा पूर्ण बंद, तंबाखूने जखम भरत नाही. हे ऐकून काका खाली बसले.

काकू हळूच म्हणाल्या, "अवो, नाही केलं तर काय होते?"

"तर मी म्हातारा होतो," काका म्हणाले.

खर्रा सुटला. त्या महिन्यात काकांनी प्रताप नगरातले सगळे रस्ते पायाखाली घातले. ऑपरेशन नीट पार पडलं. डोक्याभोवती पट्टी, कानांमागून दोन बारीक नळ्या. नळ्या दुसऱ्या दिवशी निघाल्या, आणि तिसऱ्या दिवशी चेहरा कोहळ्यासारखा फुगला. आरशात बघून ते पुटपुटले, "काहून केलं मी हे?" पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला हा प्रश्न पडतो, हे बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. वाकायचं नाही, ओरडायचं नाही, जोरात चावायचं नाही, हसायचं तेही बेतानं, आणि दोन उशांवर उताणं झोपायचं. घरातल्या घरात हळू चालायची मुभा होती, पण हळू चालणं त्यांना येतच नव्हतं. म्हणून ते तीन आठवडे पडून राहिले. नुसती बोटं चादरीवर चालत होती.

काकू त्यांना मऊ भात भरवायच्या. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नवरा जागेवर आहे म्हटल्यावर त्या बोलायला लागल्या. भिंतीला कोणता रंग हवा होता, बहिणीच्या लग्नातून काका पंगतीआधीच कसे उठून गेले, सगळं. एका दुपारी मी डबा घेऊन गेले, तेव्हा त्या पहिल्या बाळाबद्दल बोलत होत्या. थोरल्याच्या आधीचं, पोटातच गेलेलं. मी दारातच थांबले.

"तुमी त्या दिवशी बाजारात निघून गेले," काकू म्हणाल्या. आवाजात राग नव्हता.

काकांची बोटं चादरीवरून सरकत काकूंच्या हातापाशी आली आणि तिथे थांबली. ओठ फारसे न हलवता ते म्हणाले, "घरात थांबवत नव्हतं वं. तवापासून कुठंच थांबवत नाही."

काकूंनी पुढचा घास कालवला.

दोन महिन्यांत सूज उतरून चेहरा नीट बसला. काय बदललं ते कोणालाच नेमकं सांगता येत नाही, लोक म्हणतात, "काका, हवापालट करून आले काय?" लिलाव पुन्हा तेच पुकारतात, मुलगा फळं निवडतो, आणि रोज सकाळी मान वाकडी करून काका कानामागे दाढी करतात. शेवटच्या तपासणीला मी सोबत होते. हे किती वर्षं टिकतं, असं काकूंनी विचारलं. बाई म्हणाल्या, साधारण आठ-दहा, मग हवं तर पुन्हा करता येतं. तोवर काका खाली गाडीपाशी पोचलेसुद्धा होते.

जिना उतरताना काकू मध्येच थांबल्या. "तवाही तीन आठवडे पडून राहा लागन काय वं?"

"हो, काकू."

"मी तवा सत्तरीची असन," त्या म्हणाल्या. खालून हॉर्न वाजत होता. काकूंनी दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि त्या भराभर पायऱ्या उतरू लागल्या.