ओढ्यापल्याडची आग

बंबावर नोकरी केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. आगीचा सीझन सरला की आम्ही पाईप वाळत घालतो, टाकी धुतो आणि गाडीच्याच सावलीत बसून एकमेकांना तेच ते किस्से पुन्हा सांगतो. यंदा सांगता सांगता मधेच कोणीतरी उठून जातं. तरी सांगतो. न सांगून करायचं काय!

मी ड्रायव्हर. पंपावर हारुणभाई. आणि पाईपाचं तोंड धरून आगीत शिरणारे खंडारेदादा. परभणी जिल्ह्याच्या पार कडेला आमचं छोटं गाव, त्याला एवढाच बंब आणि एवढीच माणसं. थंडी संपता संपता उसाचे फड पेटायला लागतात, मग कडब्याच्या गंज्या, मग माळावरचं वाळलेलं गवत. मिरगापर्यंत हेच चालू. सीझन संपला तरी दादांचा खोकला काही संपायचा नाही.

*

त्या खोकल्यापासूनच सुरुवात करतो. मी आणि हारुणभाईंनी दादांना अक्षरशः ओढत परभणीला छातीच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं एक्स-रे उजेडाला धरला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"दिवसाला किती बिड्या ओढता?"

"बिडीला कधी हात लावला न्हाई," दादा म्हणाले. "पर लोकायचा ऊस लय ओढला, डॉक्टरसाहेब!"

डॉक्टर हसले, पण लगेच गंभीर झाले. म्हणाले, "यापुढं धूर एकदम बंद. दाट धुरात एकदा जरी सापडलात तर माझ्या हातात काही राहणार नाही."

बाहेर आल्यावर मी दादांना म्हणालो, "ऑफिसात सांगा. टेबलावर बसवतील."

"आन पाईप कोण धरंल? तू?"

आमच्याकडं माणूस गेला की त्याची जागा रिकामीच राहते. दादा उतरले असते तर बंबावर आम्ही दोघंच. त्यांनी ऑफिसात सांगितलं नाही, आम्हालाही सांगू दिलं नाही. मला त्यांचा लय राग यायचा. अजून येतो.

*

ताडकळसच्या अलीकडं शेतातल्या एका आखाड्यावर कडब्याची गंजी पेटली होती. आम्ही पोचलो तोवर सगळी राख. जनावरांची वर्षाची वैरण गेली. गाडी थांबली की शिव्या खायच्या, हे आमचं ठरलेलंच. त्या दिवशी मालकीण म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी होती.

"आता कशाला आलात? चहा प्यायला?"

"व्हय मावशी," दादा म्हणाले. "साखर कमी टाका."

म्हातारी तरातरा घरात गेली. मग खरंच पातेलं घेऊन आली, त्याच गंजीतली धगधगती राख बाजूला ओढली आणि तिच्यावर चहा ठेवला! पहिल्याच घोटाला दादांना जो ठसका लागला, तो काही थांबेना. म्हातारी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "लेकरा, माझा कडबाच जळाला. तू तर आतून जळायलास की रे!"



*

उशिराच्या शिव्या खाऊन खाऊन आम्ही एकदा वेळेवर पोचून दाखवलं. गंगाखेडच्या रस्त्याला उसाचा फड पेटल्याचा फोन आला. मी गाडी अशी हाणली की हारुणभाई कलमा म्हणायला लागले. पोचलो तर फडाचा एकच कोपरा पेटलेला. दादांनी पाईप उचलला, तेवढ्यात मालक आडवा पळत आला.

"सायेब, एवढ्या लवकर कशाला आलात! जरा दम धरा की!"

झालं होतं असं, की तोडणीची टोळी काही त्याच्याकडं फिरकत नव्हती आणि ऊस उभ्या उभ्या वाळत होता. जळालेला ऊस मात्र कारखाना आधी उचलतो. म्हणून यानं स्वतःच काडी लावली होती. फोन बिचाऱ्या शेजाऱ्यानं केला होता!

दादांनी त्याला एवढंच म्हटलं, "वारं कुणीकडचं हाय, बघितलं का?" वारं शेजाऱ्याच्या फडाकडं होतं. मालकाचा चेहरा उतरला. मग तो आमच्याही पुढं पळाला, शेजाऱ्याचा ऊस वाचवायला. दादा त्या धुरात बराच वेळ होते. बाहेर आले तेव्हा ओठ काळेनिळे पडलेले.

*

तुम्ही विचाराल, तोंडाला लावायचं काही नव्हतं का? होतं की! श्वासाचं यंत्र होतं, पाठीवर सिलिंडर, तोंडाला मास्क, एकदम झकास. पण ते एकच, आणि खराब होऊ नये म्हणून साहेबांच्या कपाटात. वर्षातून एकदा शाळेच्या मैदानावर प्रात्यक्षिक असायचं, तेव्हा कपाट उघडायचं. दादा मास्क लावून मैदानात दोन फेऱ्या मारायचे, पोरं टाळ्या वाजवायची.

एकदा एका पोरीनं विचारलं, "काका, धूर कुठंय?"

दादा मास्क काढून म्हणाले, "धुरात जाताना हे नसतंय, बाळा. तवा तोंडाला बांधायला ओली दस्ती असती."

साहेबांनी घाईघाईनं टाळ्या वाजवल्या.

*

आमच्या हद्दीवर एक ओढा आहे. अल्याड आमचा जिल्हा, पल्याड दुसरा. बंबानं हद्द ओलांडायची तर वरून परवानगी लागते, आणि परवानगी यायच्या आत आगीचं काम उरकलेलं असतं. एका दुपारी पल्याड गोठे पेटले. त्यांचा बंब लांब होता. बायका अल्याड बघून हाका मारत होत्या. मी साहेबांना फोनवर फोन लावतोय, साहेब म्हणताहेत, "विचारतो, थांबा."

दादांनी मला गाडी ओढ्याच्या अगदी काठाला लावायला सांगितली. मग सगळे पाईप एकाला एक जोडले, टोक खांद्यावर घेतलं आणि ओढ्यातून चालत पल्याड गेले. गाडी हद्दीत, आग हद्दीबाहेर! तिकडच्या बंबाचे जाधव आले तेव्हा आग विझत आली होती. तिथंच त्यांची आणि दादांची दोस्ती झाली. पुढं आमच्या बाजूला पेटलं की जाधव त्यांच्या काठावरून पाईप टाकायचे.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी दरडावून विचारलं, "गाडी जिल्ह्याबाहेर गेली होती का?"

"न्हाई साहेब," दादा म्हणाले. "गाडी जागेवरच होती. पाणी गेलतं."

*

यंदा चैत्रात ओढ्याकाठचा माळ पेटला. नुसतं गवत, पण वारं असं सुटलं की वणवा थेट आमच्या बाजूच्या एका वस्तीवर निघाला. दुपारच्या उन्हात दिवे लावावे लागतील असा धूर. वस्तीच्या पाठीमागं जनावरं दावणीला तशीच बांधलेली. दादांनी दस्ती भिजवली. मी त्यांचा दंड धरला. म्हणालो, "दादा, डॉक्टर काय म्हणाले होते?"

"जनावरं वरडायलीत रे," म्हणाले आणि हात सोडवून आत गेले.

एका बाजूनं आम्ही पाणी मारत होतो. दुसऱ्या बाजूनं सायरन ऐकू आला. जाधवांनी ह्या वेळेला पाईप टाकला नाही, अख्खा बंबच ओढ्यात घालून अल्याड आणला. परवानगी? विचारलीच नव्हती! वस्ती वाचली. जनावरं एकामागं एक धुरातून बाहेर आली, सगळी. त्यांच्या मागून दादा काही आले नाहीत. मग जाधवच आत शिरले आणि त्यांना खांद्यावर घेऊन आले.

परभणीच्या दवाखान्यात दादांना ऑक्सिजन लावला. दुसऱ्या दिवशी दादा गेले. मी त्यांचा दंड सोडायला नको होता, असं हारुणभाई म्हणत नाहीत. मीच म्हणतो.

*

आता शेवटचा.

दादांना निरोप द्यायला जाधव आणि त्यांची माणसं युनिफॉर्मवर आली होती. आम्हीही युनिफॉर्मवर. भंतेजींनी त्रिसरण, पंचशील म्हटलं. दादांच्या मुलानं अग्नी दिला. लाकडं कुठं कुठं ओली असावीत. आधी नुसता धूरच यायला लागला. वारं पडलं, धूर वर जाईना, तिथंच सरणावर कोंडून राहिला.

दादांच्या घरच्या, म्हणजे आमच्या वैनी, पांढऱ्या साडीत खाली बघत बसलेल्या. त्यांनी मान वर केली, आधी सरणाकडं बघितलं, मग आमच्याकडं.

"आरं, एवढे सगळे नुसते उभे काय ऱ्हायलाव? धूर त्यांच्या तोंडावर चाललाय की! त्यांला सोसत न्हाई."

हारुणभाईंनी तोंड फिरवलं.

जाधव पुढं झाले. डोक्यावरची टोपी काढून म्हणाले, "व्हय वैनी."

आणि टोपीनंच वारा घालायला लागले. मग मी काढली माझी. मग सगळ्यांनीच.