दोन तासांचा मुलगा

आमच्या कंपनीत घरच्या आजारपणाची रजा तासांवर मिळते, आणि हे पाप माझं आहे.

मागच्या वर्षी सगळ्या स्टाफसमोर मीच उठून बोललो होतो. घरातल्या कुणाला दवाखान्यात न्यायचं तर दोन तास पुरतात, त्यासाठी अख्खा दिवस कशाला वाया घालवायचा? रजा लवचिक करा! टाळ्या पडल्या. एचआरच्या बाईंनी माझं नाव लिहून घेतलं. (तेव्हाच पळून जायला हवं होतं.) महिन्याभरात ॲप आलं. दिवसाला दोन तास, बटण दाबलं की मंजूर. मी आठवडाभर सगळ्या गल्लीत मिरवत होतो.

मग आप्पांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. आप्पा म्हणजे माझे वडील. लातूरकडे पंचायत समितीत हेडक्लार्क होते, सगळा जन्म लोकांचे रजेचे अर्ज तपासण्यात गेला. डावा डोळा लहानपणीच गेलेला, आता उजव्यात मोतीबिंदू. म्हणजे जो काही उजेड उरला होता तो त्या एका डोळ्यात. माणूस पार घाबरला होता, पण कबूल करेल तर शपथ. त्यांनी एवढंच विचारलं, "किती दिवस टाकलीस रजा?"

"दिवस नाही आप्पा, तास. दोन."

आप्पा म्हणाले, "दोन तर दोन. मला आत नेतील तेव्हा दाराशी अस म्हणजे झालं."

असणारच की, मी म्हटलं. अगदी छातीवर हात ठेवून म्हटलं.

बायकोने तिच्या ऑफिसातली रजा मुलीच्या तापात संपवली होती, म्हणून सोबतीला आमचे घरमालक बबननाना आले. नाना मूळचे इथल्याच सूस गावचे, साठीचे. थोडी जमीन विकून चार मजले चढवलेले. रजा घेणं त्यांना जन्मात ठाऊक नाही. बावधनच्या दवाखान्यात आम्ही दहाला हजर! साडेदहाला आप्पांचं बीपी मोजलं, तर ते आभाळाला टेकलेलं. नर्सबाई म्हणाल्या, उतरेपर्यंत थांबा. आप्पांचं बीपी आप्पांसारखंच, सांगून ऐकणारं नव्हे. अकरा वाजले. साडेअकरा वाजले. मी घड्याळाकडे बघतोय, आप्पा माझ्याकडे बघतायत, आणि बीपी आणखी चढतंय!

बाराला माझी रजा संपली. ॲपने माझ्या नावापुढे हजेरीचा हिरवा ठिपका लावला आणि दोन मिनिटांत परदेशातल्या क्लायंटची मीटिंग येऊन पडली. वाढीव तासाला साहेबांची मंजुरी लागते. साहेबांना फोन लावला, तर साहेब स्वतः तासाभराच्या रजेवर, मुलीच्या शाळेत. (घ्या, लवचिक!) पाच मिनिटांत आलो, असं आप्पांना सांगून मी पार्किंगमध्ये पळालो आणि नानांच्या जीपच्या बॉनेटवर लॅपटॉप उघडला.

आणि नेमकं तेव्हाच आप्पांचं बीपी उतरलं. मी नजरेआड झाल्याबरोबर!

नाना धापा टाकत खाली आले. "अवो, वर चला. आप्पास्नी आत न्यायला लागल्यात."

माझ्या कानात हेडफोन, तोंडात इंग्रजी. मी हाताने दोन बोटं दाखवली. दोन मिनिटं. नानांनी त्या बोटांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने जिना चढून गेले.

दोनाची वीस झाली. वर गेलो तर दार बंद. नाना बाकावर बसलेले, मांडीवर आप्पांचा चष्मा, घड्याळ आणि टोपी.

"काही म्हणाले का?"

"तुमास्नी इचारलं. दोनदा. मंग म्या हात धरला त्यांचा." नाना जरा चाचरले. "कागदावर सही बी म्याच केली. नात्याच्या जागी घरमालक लिवलं आसतं तर भाईर काडलं आसतं मला. म्हून मुलगा लिवलं."

(एकाहत्तर वर्षांच्या माणसाला साठीचा मुलगा! कुणी हूं का चूं केलं नाही.) खरं तर मला हसू यायला हवं होतं. आलं रडू. तेही बाथरूममध्ये जाऊन घाईघाईत उरकलं, कारण एक वाजता दुसरी मीटिंग होती.

ऑपरेशन छान झालं, देवाची कृपा. संध्याकाळी एचआरच्या बाईंना फोन करून मी चार दिवसांची रजा मागितली. त्या फार गोड आवाजात म्हणाल्या, "सर, पूर्ण दिवसाची सोय तुमच्याच सूचनेवरून काढून टाकलीय."

घरी दोन मीटिंगांच्या मधे मी आप्पांच्या डोळ्यात थेंब घालत होतो. घालता घालता विचारलं, "आप्पा, मी चौथीत असताना मला कावीळ झाली होती, तेव्हा तुम्ही किती रजा घेतली होती?"

"एकवीस दिवस. अर्जित." मग डोळा मिटून घेत म्हणाले, "तेव्हा तासांची सोय नव्हती रे."

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर किती बरं झालं असतं.

दवाखान्याच्या कागदावर सगळ्यात खाली नर्सबाईंनी लिहिलं होतं, गुरुवारी तपासणीला येताना मुलाला सोबत आणावे. मी तो कागद घेऊन खाली गेलो आणि नानांना विचारलं, "नाना, गुरुवारी मोकळे आहात ना?"