आप्पांचा आवाज आणि माझी फ्लॉपी

आमच्या घरात कॉम्प्युटरमधलं सगळ्यात जास्त मला कळतं, हे मी स्वतःच ठरवलं होतं. यजमानांची बँकेतून जयपूरला बदली झाली, शास्त्री नगरात बिऱ्हाड थाटलं आणि इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मुलांची नाटिका बसवायचं काम मी अंगावर घेतलं. (हौस दांडगी!)

मुलं मराठीच, पण जन्म जयपूरचा. "आंटी, मतलब राजाला गुस्सा आला?" असलं त्यांचं मराठी! संवाद वाचायला दिले की दातखीळच बसायची. शेवटी माझे सासरे, आप्पा, पुढे सरसावले. ते सांगलीकडचे, आवाज खणखणीत. राजा, राणी, पोपट, सगळ्यांचे संवाद त्यांनी कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केले. पार घसा बसला, पण मागे हटले नाहीत. मी पडद्यावर प्रत्येक पात्राच्या नावाचं एकेक चित्र मांडलं. मुलांनी चित्रावर टिचकी मारली की आप्पा बोलायचे आणि सगळी मागोमाग म्हणायची. (मी तोवर स्वयंपाकघरात.)

प्रयोग तोंडावर आला आणि नेमकी मला नवी विंडोज टाकायची बुद्धी झाली.

"आधी सगळं काढून ठेव हं," यजमान म्हणाले.

"ठेवलंसुद्धा! अख्खी नाटिका एका फ्लॉपीत बसली."

"आप्पांचं एवढं बोलणं एका फ्लॉपीत?"

"नीट भरता आलं की मावतं सगळं! तुमची बॅग कोण भरतं?"

(बॅग मीच भरते.) डिस्क पुसू का, असं कॉम्प्युटरनं विचारलं, मी 'हो' म्हटलं. नक्की ना, असं त्यानं पुन्हा विचारलं. मी चिडून 'हो' म्हटलं. मग पडद्यावर नव्या विंडोजची हिरवीगार टेकडी उगवली.

"रान झकास आलंय की!" आप्पा बसलेल्या घशानं खरखरले.

मी ऐटीत फ्लॉपीतली चित्रं परत मांडली आणि राजावर टिचकी मारली. पडद्यावर एक बॅटरी फिरू लागली, कॉम्प्युटर राजाचा आवाज शोधत सुटला. मग म्हणाला, ते काही सापडत नाही, हे त्यातल्या त्यात जवळचं चालेल का? घाईत मी 'हो' म्हटलं. राजा गरजला, "टड्डांऽऽ!" राणी म्हणाली, "टुंग!" पोपटानं तर इंग्रजी बँडच सुरू केला!

यजमानांनी ऑफिसात कुणाला तरी फोन केला आणि कपाळाला हात लावला. "अगं, ती चित्रं म्हणजे नुसते पत्ते, कुठली फाइल कुठे आहे ते सांगणारे! तू दारावरच्या पाट्या तेवढ्या काढून ठेवल्यास आणि घरं पाडलीस!"

मला रडूच कोसळलं. पुन्हा रेकॉर्ड करावं तर डॉक्टरांनी आप्पांना बोलायची बंदी केलेली.

"जाऊ दे गं, सूनबाई," ते कुजबुजले. त्यानं तर मला आणखीच रडू आलं.

संध्याकाळी मुलं तालमीला आली. "नाटिका रद्द," मी सांगून टाकलं.

"क्यों आंटी? हमें तो सब याद है!" राजा झालेला पिंटू म्हणाला आणि हात मागे बांधून गरजला, "परधानजी, राज्यात काय चाललंय हो?" हुबेहूब आप्पा! सांगलीचा हेल तोच, मधला खोकलासुद्धा तोच! एकामागून एक सगळी बोलत गेली, कुणी अडखळलं नाही. माझा आनंद गगनात मावेना.

तेवढ्यात राजा संतापानं थरथरत म्हणाला, "त्या पोपटाला हजर करा! सूनबाई, च्या टाक की जरा!"

आणि राणीनं कमरेवर हात ठेवून ठसक्यात उत्तर दिलं, "आत्ता? मघाशीच झाला ना! तुमच्या चहापायी दूध पुरत नाही घरात!"

माझाच आवाज! मेल्या माईकनं स्वयंपाकघरातलं बोलणंही टिपलं होतं आणि पोरांनी ते नाटकातलंच समजून पाठ केलं होतं.

"अरे, हे नाटकात नाहीये! गाळा ते!"

"लेकिन आंटी, उसके बिना आगे का याद नहीं आता!"

इलाज नव्हता. प्रयोगात ते वाक्य आलं तसं हॉल हसून हसून लोळला. पहिल्या रांगेत आप्पा डोळे पुसत होते. बक्षीस मिळालं, नाटिका गाजली, मुलं पुढच्या वर्षीसाठी आत्तापासूनच मागे लागली.

आप्पांचा सगळा आवाज मी पुसला, पण माझं तेवढं एक वाक्य जयपूरच्या समस्त मराठी घरांत सेव्ह झालं. अजूनही मंडळातली कुणी भेटली की नमस्काराच्या आधी विचारते, "काय वहिनी, दूध पुरतंय ना?"