पूजेला बसलेला क्यू

पूलच्या टेबलावर पांढरा चेंडू ज्या लांब काठीनं मारतात तिला क्यू म्हणतात. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण गेल्या वर्षी कोल्हापुरातल्या निम्म्या दुकानदारांना ते मला सांगावं लागलं. सांगून झाल्यावर प्रत्येकानं एकच विचारलं, "भावासाठी का?"

मला भाऊ नाही. असता तर तो खेळला असता की नाही, मला माहीत नाही. मी खेळते. एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या हिशेबखात्यात मी नोकरीला आहे. तिथल्या विश्रांतीच्या खोलीत मालकांनी कधीतरी हौसेनं घेतलेलं जुनं टेबल पडून होतं. जेवणाच्या सुट्टीत त्यावर डबे ठेवत. डबे बाजूला सारून मी शिकले. आता दर रविवारी राजारामपुरीतल्या हॉलला जाते. तिथं बाया येत नाहीत. मी येते.

हॉलचे क्यू म्हणजे वैताग. एक धनुष्यासारखा, एकाचं चामड्याचं टोक, म्हणजे टिप, निम्मं सुटलेलं, एकाला बुडाशी कुणीतरी चिकटपट्टी गुंडाळलेली. बरा म्हणावा असा एकच, आणि तो हॉलचे मालक काउंटरमागं ठेवत, नेहमीच्या माणसांसाठी. तीन वर्षं दर रविवारी येऊनही मी नेहमीच्या माणसांत बसत नव्हते. त्या वर्षीच्या स्पर्धेत उपांत्य फेरीला मी नीट नेम धरून मारलं आणि चेंडू भलतीकडंच गेला. समोरचा गडी कापडाच्या दुकानाचा मालक, कायम अंगठ्या चमकवत खेळणारा. तो हसून म्हणाला, "ताई, काठी दुसऱ्याची असली की नेम पण दुसऱ्याचाच लागतोय."

ते माझ्या डोक्यात बसलं. पुढच्या स्पर्धेत याच माणसाला हरवायचं, आणि स्वतःच्या क्यूनं हरवायचं.

पाच हजारांच्या आत चांगला क्यू, एवढीच माझी मागणी होती. घरात विचारायचं कुणाला? आमच्या बावड्याच्या घरात पहिली पदवी माझी. तेव्हापासून पंपाची मोटर असो, विम्याचे कागद असोत, म्हशीचं औषध असो, "तू शिकलेली हायस, तूच बघ." मग मी बघितलं. रात्रंदिवस मोबाईलवर वाचलं. एक म्हणतो हलका घ्या, दुसरा म्हणतो हलका घेतला तर हात कायमचा बिघडेल. एक म्हणतो मेपलचं लाकूडच घ्या, दुसरा म्हणतो लाकडाचा जमाना गेला. हातात काळा मोजा घातलेला एक गृहस्थ पाऊण तास बोलून म्हणाला, "नवशिक्यांसाठी हा अगदी स्वस्त," आणि किंमत बघितली तर माझ्या पगाराहून जास्त. शिकून काय उपयोग, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं. शिकलेल्या माणसाला फसवायला जास्त शब्द लागतात, बाकी फरक नाही.

लक्ष्मीपुरीतल्या पहिल्या दुकानात बॅटी, कॅरम, तालमीच्या गदा सगळं होतं. दुकानदारानं माळ्यावरून लहान मुलांचा खेळण्यातला सेट काढला. दुसऱ्यानं खरा क्यू दाखवला, पण तो स्नूकरचा. त्याची टिप बारीक असते, कारण त्या खेळातले चेंडू लहान. पूलला जाड टिप लागते. मी हे सांगितलं.

"एकच असतंय ओ," दुकानदार म्हणाला. "काठी ती काठी."

"मग क्रिकेटच्या बॅटीनं टेनिस खेळता का?"

"मॅडम, घ्यायचं असलं तर घ्या, भांडू नका."

"मी भांडत नाही, सांगतेय."

"कोल्हापुरात सांगायचं म्हंजे भांडायचंच झालं की," असं म्हणून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळला.

शेवटी ऑनलाईन मागवला. खोकं उघडून स्वयंपाकघराच्या फरशीवर क्यू सोडला. सरळ क्यू मुकाट गडगडतो. हा गचके खात, डुलत चुलीपर्यंत गेला. आई म्हणाली, "ह्यो तर पिऊन आलाय." परत न्यायला आलेल्या माणसानं तो उलटासुलटा करून बघितला.

"मोडलाय कुठं?"

"मोडला नाही. वाकडा आहे."

"मला तर सरळ दिसतोय."

"फरशीवर टाकून बघा."

त्यानं टाकला, गचके खाताना बघितला आणि म्हणाला, "फरशी वाकडी असंल."

हे सगळं आबा, म्हणजे माझे वडील, बघत होते. आबांचा दोन एकर ऊस, तीन म्हशी आणि जगाविषयी ठाम मतं. "एवढं कशाला नाचायचं एका काठीपायी?" ते म्हणाले. "आपल्या बांधावर बांबू काय कमी हायत?"

त्या दिवशी मी खरंच चिडले होते. आबांचा वैरण कापायचा विळा आहे. तो ते कुणाला देत नाहीत. सख्ख्या चुलत्यानं मागितला तरी "धार जातीया" म्हणून सांगतात. मी म्हणाले, "दुसऱ्याच्या विळ्यानं तुम्ही वैरण कापता का?"

"न्हाय."

"का न्हाय?"

"हाताला बसत न्हाय."

"मग? तुमचा विळा तसा माझा क्यू. काठी नव्हं ती. हत्यार हाय माझं."

आबांनी विळ्याकडं बघितलं आणि मान डोलावली. माझ्या बोलण्याला आबांनी अशी मान फार वेळा डोलावलेली नाही. मी जिंकले असं वाटलं. तेव्हा थोडं जपून बोलले असते तर बरं झालं असतं.

शेवटी हॉलच्या मालकांनीच विकायला पुण्याहून दहाबारा क्यू मागवले. मी कामावरून थेट तिथं. निम्म्यांवर चित्रं होती: वाघ, कवटी, आग ओकणारा नाग. मी एकेक टेबलावर गडगडवायला लागले. मग क्यूचे दोन तुकडे सोडवून ते वेगवेगळे गडगडवले. पुन्हा जोडून, सांध्यावरून नख फिरवून फट लागते का बघितलं. बूड तळहातावर हलकं आपटून आत काही खुळखुळतंय का ऐकलं.

"ताई, भेंडी निवडताय व्हय?" मालक म्हणाले. "त्यो वाघाचा घ्या की. लई भारी दिसतोय."

"वाघ डुलतोय."

"जिवंत हाय म्हणून."

अख्खा हॉल हसला. मी हसले नाही. ढिगातला सगळ्यात साधा क्यू उचलला, तपकिरी, चित्रबित्र काही नाही. टेबलावर सोडला तर आवाजसुद्धा न करता गेला. हातात धरला तर पुढं झुकेना, मागं ओढेना. पाच हजारांच्या आतच बसला. एवढे महिने जे शोधत होते ते असं होतं, आणि ते कुणालाच भारी दिसत नव्हतं.

त्यानंतर माझा खेळ बदलला, हे मी लाजत सांगणार नाही. चेंडू सांगेल तिथं जायला लागला. पुढच्या स्पर्धेत मी अंतिम फेरीत पोचले आणि समोर तोच, अंगठ्यांवाला. सामना सुट्टी बघून खंडेनवमीला दुपारी ठेवला होता. घरी मी एवढंच सांगितलं होतं की सामना दसऱ्याच्या सुट्टीत आहे. आबा त्याचा अर्थ दसरा असा घेतील हे माझ्या ध्यानात आलं नाही.

खंडेनवमीला सकाळी अंघोळ करून आले आणि देवापुढं बघून जागीच थांबले. पाटावर विळा, खुरपी, कोयता, कुदळ, मोटरीचे पाने, आईची विळी. सगळ्यांच्या मधोमध, विळ्याच्या शेजारी, माझा क्यू. आबांनी पिशवीतून काढून दोन्ही तुकडे स्वतः जोडले होते. ओल्या फडक्यानं पुसला होता. बुडाला झेंडूची माळ. आणि हळदीकुंकवाची बोटं कुठं, तर टिपेवर.

"आबा, हे काय?"

"पूजा."

"टिपेला कुंकू कशाला?"

"धार तिथंच हाय न्हवं?"

"मला आज पायजे तो. आज सामना हाय."

आबांनी माझ्याकडं बघितलं. "पूजंत ठिवलेलं हत्यार आज उचलत न्हाईत. उद्या उचलायचं, दसऱ्याला."

"हत्यार कुठलं? खेळायचं हाय ते."

"तूच म्हणालीस," आबा म्हणाले. आवाज चढवला नाही, ते जास्त लागलं. "'तुमचा विळा तसा माझा क्यू.' मी म्हणालो न्हवतो."

"आबा, एका दिवसानं काय होतंय?"

"मग मी काल दोन दिवसांची वैरण कापून कशाला ठिवली? तू पण काल खेळून घ्यायचं."

"सामना माझ्या मर्जीनं असतोय व्हय?"

आई मधे पडली. "भांडू नका देवापुढं. आगं, उद्या सोनं लुटून झालं की उचल. मी सांगतो की त्यास्नी, सामना उद्या घ्या म्हणून." आई हॉलवाल्याला फोन करायला खरंच निघाली होती. तिला थांबवण्यातच माझा निम्मा जीव गेला.

हात पुढं करून मी तो उचलू शकले असते. आबांनी हात धरला नसता. पण काठी म्हणून ज्याची टिंगल केली तो त्यांनी आज विळ्याशेजारी ठेवला होता, आणि तिथून तो ओढून काढायचा म्हणजे मीच म्हणायचं की काठी होती. माझं मलाच सुटेना. चहा न घेता गाडी काढली. गाडीलाही माळ घातलेली. ती नेलेली मात्र चालली. याचा हिशेब मी आबांना अजून विचारलेला नाही.

हॉलमध्येही क्यूंना कुंकू लागलेलं होतं. मी मालकांना विचारलं, "तुम्ही कसं उचलता?"

"सकाळी पूजा, की लगेच उचलला. धंदा हाय ओ ताई."

अंगठ्यांवाल्यानं माझ्या रिकाम्या हाताकडं बघितलं. "तुमचा क्यू कुठं?"

"घरी. वडिलांनी पूजेत ठेवलाय."

मला वाटलं आता हसेल. मी तयारीत होते. तो म्हणाला, "व्हय, मग कसा उचलणार." बाजूचा एकजण म्हणाला, "बरोबर हाय." मालकांनीही मान डोलावली. सकाळी पूजा करून लगेच उचलणाऱ्या मालकांनी! त्या हॉलमध्ये मला एकानं तरी येडी म्हणायला हवं होतं. एकानंही म्हटलं नाही. उलट मालकांनी काउंटरमागचा तो बरा क्यू काढून दिला, ज्यासाठी मी तीन वर्षं धुमसत होते. तो हातात घेतल्यावर कळलं, तोही काही फार बरा नव्हता.

शेवटच्या डावात काळा चेंडू तेवढा राहिला होता, जो घालेल तो जिंकणार. माझी पाळी, सोपा कोन. माझ्या क्यूनं मी तो डोळे मिटून घातला असता. या क्यूनं चेंडू खड्ड्याच्या काठाला लागून थांबला, आणि अंगठ्यांवाल्यानं तो हलकेच आत ढकलला. जाताना म्हणाला, "तुमचा असता तर अवघड होतं." या माणसाचं चांगलं बोलणं टोमण्याहून वाईट लागतं.

दसऱ्याला संध्याकाळी सोनं वाटून झाल्यावर आबांनी क्यू पाटावरून स्वतः उचलून माझ्या हातात दिला, विळा देतात तसा, मूठ माझ्याकडं करून.

"काल काय झालं?"

"हरले."

"तिथला वाकडा हुता?"

"थोडा."

"मग दुसऱ्याचं घ्यायचंच न्हवतं," आबा म्हणाले आणि वैरणीला गेले.

पुढच्या रविवारी मी हॉलला गेले. टिप घासली होती, पुसली होती, तरी पहिल्याच फटक्याला पांढऱ्या चेंडूवर लाल ठिपका उठला. चेंडू टेबलभर फिरला आणि नव्या हिरव्या कापडावर ठिपके सोडत गेला. काउंटरमागून मालक ओरडले, "ओ ताई, कापड कालच बदललंय! टिपेला काय लावून आणलंय?"

"धार," मी म्हणाले, आणि फडकं आणायला गेले.