दोन किलोंचा फरक

शेजारीण लेकीकडे पुण्याला राहायला गेली, त्याला आता दोन वर्षं होतील. त्याआधी आम्ही दोघी अकरा वर्षं रोज सकाळी आमच्या गावात, सिंदी मेघेत, फिरलो. त्या फिरण्याने वजन कधी कमी झालं नाही, कारण चालण्यापेक्षा बोलणं जास्त व्हायचं. ती गेल्यावर एकटीने चालून पाहिलं. एकटीने चाललं की व्यायाम होतो, बाकी काही होत नाही. घरी येऊन दार उघडायचं, आणि संध्याकाळी दूधवाला येईपर्यंत तोंडातून शब्द निघायचा नाही. एकदा त्याच्याशी बोलताना आवाज बसल्यासारखा निघाला. सर्दी झाली का, त्याने विचारलं. मी हो म्हणाले.

गावातले पाचसहा जण दर रविवारी सायकलने केळझरपर्यंत जातात. सगळे चाळिशीच्या आसपासचे. मी तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं, त्यामुळे त्यांतले तिघे माझे विद्यार्थी निघाले. त्यांचा म्होरक्या बाजारात भेटला आणि ‘या ना मॅडम’ म्हणाला. असं बोलावणं लोक सहसा ‘नाही’ ऐकायच्या तयारीनेच देतात. मी हो म्हटल्यावर त्याने बिचाऱ्याने स्वतःची जुनी सायकल आणून दिली.

या मंडळींचा डामडौल मला पहिल्याच दिवशी कळला. त्या रविवारी बेत जरा लांबच्या पुलगावचा होता, म्हणून हिरवा झेंडा दाखवायला कुठलेसे अध्यक्ष आले होते. ते मोटारीतून आले, पर्यावरणावर वीस मिनिटं बोलले आणि मोटारीतून गेले. बोलणं संपेपर्यंत ऊन चढलं. पण सगळ्यांचे टी-शर्ट एकसारखे होते, आणि त्यातला एक मला दिला होता. मी तो घरी जाऊन पुन्हा घालून पाहिला, हे कुणाला सांगितलं नाही.

पुढचे तीन रविवार केळझर. तिथल्या मंदिराच्या अलीकडे चढ लागतो. तो संपतो तिथे चहाची टपरी आहे आणि टपरीपुढे सिमेंटचा बाक. बाकीचे माझ्या बरेच आधी वर पोचायचे आणि बाकावर बसायचे. मी धापा टाकत पोचले की ते उठायचे.

‘चला मॅडम, निघू या?’

म्हणजे त्यांची विश्रांती संपायची तेव्हा माझी सुरू व्हायची. मी उभ्याने चहा प्यायचे आणि परतीच्या उतारावर पुन्हा सगळ्यांच्या मागे. मला त्या बाकावर दहा मिनिटं बसायला हवं होतं. विषय काहीही चालला असता. क्रिकेटसुद्धा.

म्हणून स्वतःची सायकल घ्यायचं ठरवलं. मधल्या किमतीची, रुंद टायरांची, हार्डटेल. हार्डटेल म्हणजे पुढे शॉकप आणि मागे नशीब. दुकानात गेले तर दुकानदाराने आधी मला नीट पाहून घेतलं.

‘नातवासाठी का, मॅडम?’

‘माझ्यासाठी.’

‘ही दांड्याची हाय.’

‘दिसतंय.’

‘नाई, म्हणजे लेडीजमधी बी येते. बास्केटवाली.’

‘बास्केटमध्ये ठेवायला काही नाही माझ्याकडे.’

मग त्याने दोन सायकली पुढे काढल्या. एक ॲल्युमिनियमची, जाड नळ्यांची, करकरीत लाल. दुसरी स्टीलची, बारीक नळ्यांची, शेवाळी रंगाची, मागच्या रांगेत धूळ खात पडलेली. किंमत जवळपास सारखी. वजनात दोन किलोंचा फरक.

‘लोखंडाची काऊन घेता? लोखंडाची तं माह्या बुढ्याजवळ बी हाय. माह्या जन्माच्या आधीची.’

‘अजून चालते?’

‘मस्त चालते. रोज वावरात जातो ना तिच्यावर.’

आपण कुणाची बाजू मांडतो आहोत हे त्याच्या लक्षात आलं असावं. त्याने घाईघाईने लाल सायकल दोन बोटांनी उचलून दाखवली. सायकल दोन बोटांनी उचलायची वेळ माणसावर कधी येते, हे मी विचारलं नाही.

माझं मत स्टीलच्या बाजूचं होतं आणि ते ऐकीव नव्हतं. स्टीलला थकव्याची एक मर्यादा असते. तिच्या खालचे हादरे कितीही वेळा बसले तरी ते थकत नाही. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. लहानसहान खड्डासुद्धा त्याच्या आत थोडा थोडा साठत जातो, वरून काही दिसत नाही, आणि एखाद्या दिवशी तडा जातो. हा आलेख मी दर वर्षी फळ्यावर काढायचे. परीक्षेला येत नसल्यामुळे तो कुणी वहीत उतरवून घेतला नाही. अर्थात चांगली बनवलेली कुठलीही सायकल माझ्या वयाला पुरून उरली असती. तडा कुठे जायचा तर आधी माझ्या गुडघ्यात गेला असता.

स्टीलची चालवून पाहिली. दुकानामागच्या रस्त्यावर खड्ड्यांची कमी नाही. नळ्या किंचित लवत होत्या, आणि खड्डा हातापर्यंत येता येता बोथट होत होता. परत आले तेव्हा माझा निर्णय झालेला होता. मग मी ॲल्युमिनियमची घेतली.

कारण सांगायला लाज वाटते. माझं आणि सायकलचं मिळून वजन धरलं, चढाची उंची धरली, तर दोन किलो कमी झाल्याने वीस मिनिटांच्या चढात जेमतेम अर्धं मिनिट वाचतं. हे गणित दुकानातच तोंडी झालं होतं. पण ते बाकावर बसलेले, आणि मी अर्धं मिनिट आधी पोचले, एवढंच डोळ्यांपुढे होतं. उरलेली मिनिटं सरावाने मिळवायची ठरवली. महिनाभर रोज सकाळी सेलूच्या रस्त्याला लागत होते. रविवारी मात्र काहीतरी निमित्त सांगून गेले नाही. एकदम दाखवायचं होतं.

महिन्याने गेले. चढाच्या पायथ्याशी ते पुढे निघून गेले, पण दिसेनासे झाले नाहीत. शेवटच्या वळणावरून मला बाक दिसला आणि बाकावर ते सगळे. म्होरक्या हातवारे करत काही सांगत होता आणि बाकीचे पोट धरून हसत होते. एकाच्या तळहातावर तंबाखू-सुपारीचा खर्रा होता, अर्धा घोटून झालेला. मी जोर लावला.

त्यांनी मला पाहिलं. हातवारे हवेतच थांबले. खर्रा प्लास्टिकच्या पन्नीत गेला आणि पन्नी टी-शर्टच्या मागच्या खिशात. एकाने टपरीमागे जाऊन थुंकून घेतलं. मग सगळे उठून उभे राहिले, मी वर्गात शिरल्यावर राहायचे तसे. जे माझ्या वर्गात कधी नव्हते तेही.

‘अरे, बसा ना,’ मी म्हणाले.

‘नाई मॅडम, बसूनच होतो.’

‘काय सांगत होतास? मीही ऐकते.’

‘काई नाई मॅडम. असंच.’ म्होरक्याचे कान लाल झालेले. ‘लवकर आल्या आज! चला, निघू या?’

ते हेल्मेट चढवू लागले. मी रिकाम्या बाकावर बसले. टपरीवाल्या बाईने चहा आणून दिला आणि माझ्याजवळच उभी राहिली.

‘मास्तरीन हाव का तुमी?’

‘होते.’

‘तरीच. तुमी दिसल्या का खर्रा खिशात जाते. मंग बसून काय करतीन पोरं?’

‘दर वेळी असंच?’

‘तं! आज तं बिचाऱ्यायचा घोटून बी नाई झाला.’

तीन रविवार त्यांची विश्रांती मी येईपर्यंत पुरत असे, असं मी धरून चालले होते. ती मी आल्यामुळे संपत होती. मी जितकी लवकर पोचेन तितकी लवकर संपणार होती. यात कुणाचा दोष काढायचा? माझ्या अंगावर त्यांच्यासारखाच टी-शर्ट होता, आणि आदर त्यांनी मनापासूनच दाखवला होता. तीस वर्षं मी तो सक्तीने वसूल केला होता. आता तो नको म्हणायची सोय नव्हती.

तरी मी जाणं सोडलं नाही. रस्त्याने त्यांच्या मागून जाताना निदान त्यांचे आवाज ऐकू येतात. फक्त आता चढाच्या पायथ्याशी सायकलवरून उतरते आणि दहा मिनिटं थांबते. तेवढ्यात त्यांचा खर्रा होतो, गोष्ट पुरी होते. स्टीलची घेतली असती आणि सराव केला नसता, तर ही दहा मिनिटं चढानेच आपोआप काढून घेतली असती.

गेल्या रविवारी अशीच उभी होते. मोटरसायकलवर दोन्ही बाजूंना वांग्यांची पोती लादून बाजाराला निघालेला एक शेतकरी शेजारी येऊन थांबला.

‘पंक्चर झाली का, बाई?’

‘नाही.’

‘मंग? कोनाची वाट पाहून राह्यल्या?’

‘पोरं आहेत माझी,’ मी म्हणाले.

त्याने मान वळवून मागचा रस्ता पाहिला. सेलूपर्यंत कोणी नव्हतं.

‘येतीन, येतीन,’ तो समजुतीच्या सुरात म्हणाला आणि गाडी चालू करून चढाला लागला. घड्याळात अजून सहा मिनिटं होती.